वसीम जाफरच्या धावा कोणाच्या?

मी भोरमध्ये उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. होऊन शाळेत लागलो तेव्हापासून दर जानेवारीत आणि दर ऑगस्टमध्ये माझ्याकडे एक ठरलेलं काम येतं. मुलांना भाषणं लिहून द्यायची. विषयही ठरलेला: 'राष्ट्राच्या जडणघडणीत मुस्लिमांचे योगदान'. यादी मला झोपेतही म्हणता येईल. अश्फाकउल्ला खान, मौलाना आझाद, परमवीर अब्दुल हमीद, डॉ. कलाम. मग मुलांना जरा हुशारी यावी म्हणून शेवटी खेळाडू: झहीर खान, इरफान पठाण, शमी, सिराज. वेळ उरला तर वसीम जाफर.

हा लेख त्या यादीच्या विरोधात आहे. यादी मीच इतकी वर्षं लिहीत आलो, म्हणून तो थोडा माझ्याही विरोधात आहे.

दिवाळीनंतर भातकापणी उरकली की आमच्या भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात खाचरं मोकळी होतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे, पण एसटीची वाट बघणारा माणूस अजून वेल्हेच म्हणतो.) दोन खाचरांचा एक बांध फोडून, रोलर मिळाला तर फिरवून पीच तयार करतात. पलीकडचा बांध म्हणजे सीमारेषा. मांडव, शिल्ड, रोख बक्षीस आणि दिवसभर न थकता बोलणारा स्पीकरवरचा समालोचक. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात अशाच एका स्पर्धेला मी वेल्ह्याकडे गेलो होतो. माझ्या वर्गातला एक मुलगा तिथल्या एका संघातून खेळत होता. त्याचे वडील कामावर गेलेले, म्हणून त्याला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे.

पोरगा छान खेळला. चार चेंडू बांधापार घातले. समालोचक रंगात आला: "आपल्या मुस्लिम बांधवांचा हा गुणी खेळाडू! टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या. नंतर क्षेत्ररक्षणात सीमारेषेवर त्याच्या हातून एक सोपा झेल सुटला. त्याच माइकवरून, त्याच आवाजात आलं: "अरे अरे अरे! तू नक्की कुणाकडून खेळतोस? पाकिस्तानकडून का?" लोक हसले. मुलगाही हसला.

कोणी वाईट माणसं नव्हती ती. सामना संपल्यावर त्याच समालोचकाने आग्रह करून आम्हाला चहा पाजला, मुलाची पाठ थोपटली. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, सर, गंमत केली. आणि ते खरंच होतं. पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. चार षटकार मारले तेव्हा पोरगा 'मुस्लिम बांधव' होता, झेल सुटला तेव्हा 'पाकिस्तान' झाला. त्या सगळ्या दुपारी एकदाही तो नुसता त्याच्या नावाचा मुलगा नव्हता. त्या दिवशी झेल सहा-सात जणांचे सुटले होते. बाकीच्यांना त्यांच्या नावाने शिव्या बसल्या.

मार्गासनीवरून नसरापूरला आणि तिथून कापूरहोळला येईपर्यंत मोटरसायकलवर मागे बसलेला तो एक शब्द बोलला नाही. कापूरहोळला चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाला, "सर, क्याच तो सबकेच छूटे."

मी शिक्षक. गप्प बसणं मला जमत नाही. मी त्याला म्हणालो, "तू खेळत राहा बेटा. इतका चांगला खेळ की सगळ्यांची तोंडं बंद होतील."

हे वाक्य मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. तुमच्यापैकी बहुतेकांना तुमच्या वडिलांनी सांगितलं असेल. चांगलं शीक, तोंडं बंद होतील. स्वच्छ राहा, तोंडं बंद होतील. घरी येऊन मी विचार करत बसलो, की चांगलं खेळून तोंडं बंद होतात याला पुरावा काय? आणि मला वसीम जाफर आठवला.

यादीत नाव घेऊन आपण ज्याला विसरतो त्याची कारकीर्द आधी नीट वाचू या. माझ्या विद्यार्थ्यांना तो इंटरनेटवर मायकेल वॉनची फिरकी घेणारा, मीम टाकणारा माणूस म्हणून माहीत आहे. जन्म १९७८, मुंबई. वडील बस ड्रायव्हर. वयाच्या अठराव्या वर्षी, प्रथम श्रेणीच्या दुसऱ्याच सामन्यात, राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४. फेब्रुवारी २००० मध्ये वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी पदार्पण झालं, समोर डोनाल्ड आणि पोलॉक, आणि दोन्ही डावांत तो दोन आकडीसुद्धा गाठू शकला नाही. संघाबाहेर गेला. २००२ मध्ये परत आला, परत गेला. २००६ मध्ये पुन्हा आला तेव्हा नागपूरला इंग्लंडविरुद्ध शतक ठोकलं आणि त्याच वर्षी अँटिगाला वेस्ट इंडिजविरुद्ध २१२. २००७ च्या जानेवारीत केपटाऊनला ११६. त्याच वर्षी चितगावला सामन्याच्या अगदी पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला आणि पुढच्याच कसोटीत ढाक्याला त्याने १३८ केल्या. वर्ष संपता संपता ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध २०२. मग ऑस्ट्रेलियाचा दौरा आला आणि सहा डावांत मिळून त्याच्या पन्नास धावाही झाल्या नाहीत. एप्रिल २००८ मध्ये कानपूरला शेवटची कसोटी. एकूण ३१ कसोटी, १,९४४ धावा, पाच शतकं, त्यातली दोन द्विशतकं. सरासरी चौतीसच्या आसपास.

इथे बहुतेक फलंदाजांची गोष्ट संपते. त्याची खरी गोष्ट इथून सुरू होते. भारतीय संघाचं दार बंद झाल्यावर तो पुढची बारा वर्षं रणजी खेळला. रिकाम्या स्टेडियमात, सकाळच्या थंडीत, नवा चेंडू झेलत. मुंबईकडून खेळला, मग विदर्भात गेला. विदर्भाने तोवर एकदाही रणजी करंडक जिंकला नव्हता. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून त्यांनी तो जिंकला आणि विजयी फटका जाफरच्या बॅटमधून आला. त्याच मोसमात इराणी करंडकात नागपूरला त्याने २८६ धावा काढल्या. वय चाळीस. पुढच्या मोसमात रणजीत हजारावर धावा करून त्याने विदर्भाला दुसऱ्यांदा करंडक जिंकून दिला. रणजीत दीडशे सामने खेळणारा तो पहिला, बारा हजार धावांपर्यंत पोचणाराही पहिला. ७ मार्च २०२० ला थांबला तेव्हा रणजीतल्या धावा १२,०३८ आणि प्रथम श्रेणीतल्या १९,४१० झाल्या होत्या. शतकं सत्तावन्न.

आता सांगा, तोंडं बंद व्हायला आणखी किती धावा लागतात?

निवृत्तीनंतर वर्षही झालं नव्हतं. तो उत्तराखंडच्या संघाचा प्रशिक्षक होता. संघ निवडीत ढवळाढवळ होते, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने राजीनामा दिला. लगेच आरोप छापून आले: धर्म बघून खेळाडू घेतो, सरावाच्या ठिकाणी मौलवी बोलावतो, संघाची धार्मिक घोषणा बदलतो. बारा हजार रणजी धावा केलेल्या माणसाला पत्रकारांपुढे बसून खुलासा करावा लागला, की मौलवीला मी बोलावलं नव्हतं, शुक्रवारची नमाज सराव संपल्यावर झाली, कर्णधार म्हणून मी सुचवलेलं नाव जय बिस्टा होतं, आणि वेगवेगळ्या धर्मांची मुलं एका संघात आहेत म्हणून 'गो उत्तराखंड' म्हणा असं सांगितलं होतं. अनिल कुंबळेने जाहीरपणे पाठिंबा दिला, आणखीही काही जण बोलले. पण ज्यांच्यासोबत त्याने वर्षानुवर्षं एकाच ड्रेसिंग रूममध्ये घाम गाळला त्यांतली अनेक मोठी नावं गप्प राहिली.

म्हणजे अब्बांचं वाक्य खोटं होतं. ते वाईट हेतूने बोलले नव्हते, पण वाक्य खोटं होतं. त्या वाक्यात एक कबुली दडलेली आहे: तोंड उघडणाऱ्याला ते उघडायचा हक्क आहे आणि ते बंद करायची जबाबदारी आपली आहे. आपल्या याद्या याच कबुलीतून निघतात. 'योगदान' हा शब्द बघा. घरातला माणूस घराला योगदान देत नाही, तो घरात राहतो. योगदान बाहेरचा देतो, पावती घेऊन. सुनील गावसकरांच्या दहा हजार धावा हे कोणत्या समाजाचं योगदान आहे, असा निबंधाचा विषय मी आजवर कोणत्याही शाळेत पाहिलेला नाही. जे योगदान म्हणून मोजलं जातं त्याची थकबाकीही निघते. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारत पाकिस्तानकडून हरला, अकरा जण हरले, पण शिव्या शमीला पडल्या. कर्णधार कोहली त्याच्या बाजूने उभा राहिला, ही त्याची माणुसकी. ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हलला भारताने सहा धावांनी कसोटी जिंकली, सिराजने शेवटच्या डावात पाच बळी घेतले. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर आपल्याच लोकांचे संदेश येत होते: बघा, सिराजने दाखवून दिलं! काय दाखवून दिलं? आउटस्विंगर दाखवला की निष्ठा? आपण टाळ्या वाजवत वाजवत सिराजच्या गळ्यात तीच पाटी अडकवली, जी दुसऱ्याने शमीच्या गळ्यात अडकवली होती. वेल्ह्याच्या माइकवरून जे झालं तेच. शाबासकी आणि टोमणा एकाच तोंडून निघाले.

आता थोडं कडू बोलतो, कारण आपल्याकडे जाफरची आणखी एक गोष्ट फिरते. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात कोणीतरी म्हणतंच: मुसलमान होता म्हणून काढला, नाहीतर शंभर कसोटी खेळला असता. ज्यांना असं वाटतं त्यांनी ऑस्ट्रेलियातले ते सहा डाव बघावेत. सलामीला सेहवाग आणि गंभीर ही जोडी जमत होती. चौतीसची सरासरी आणि ताजं अपयश घेऊन कुठल्याही सलामीवीराची जागा त्या काळात टिकली नसती. वाईट वाटतं, पण अन्याय म्हणावं असं त्यात मला काही दिसत नाही.

आणि अन्यायाच्याच गोष्टी हव्या असतील तर मराठी मुलखात त्यांचा तुटवडा नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. डॉन ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला फक्त नऊ कमी. काठियावाडने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडला. निंबाळकर आयुष्यात एकही कसोटी खेळले नाहीत. अमोल मुझुमदारने मुंबईकडून पदार्पणात २६० काढल्या, कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी त्याला कधी मिळाली नाही. त्याच मुझुमदारच्या मार्गदर्शनाखाली २०२५ मध्ये आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. निंबाळकर आणि मुझुमदार यांच्यावर अन्याय झाला असं आपण म्हणतो तेव्हा तो क्रिकेटचा अन्याय असतो. त्यांच्या धर्माची किंवा निष्ठेची चर्चा कोणी करत नाही. जाफरलाही एवढीच सवलत मिळू द्या. त्याला संघातून वगळलं ते क्रिकेट होतं. २०२१ मध्ये त्याच्याशी झालं ते क्रिकेट नव्हतं. या दोन गोष्टी आपणच एकात मिसळल्या तर खऱ्या अन्यायाबद्दल बोलताना आपल्यावर कोण विश्वास ठेवेल?

हे सगळं नवीन नाही. मुंबईत एके काळी क्रिकेट धर्मानेच खेळलं जायचं. आधी युरोपियन आणि पारशी, मग हिंदू आले, १९१२ पासून मुस्लिम संघ आला आणि सामने चौरंगी झाले. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, त्याचं नाव 'शेष', म्हणजे उरलेसुरले. पंचरंगी सामन्यांना तुफान गर्दी व्हायची. १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना उघड विरोध केला. १९४६ मध्ये ते बंद पडले. त्यांच्याशेजारी १९३४ पासून रणजी करंडक सुरू झालेला होता. त्यात संघ प्रांतांचे होते: मुंबई, महाराष्ट्र, बडोदा.

या दोन तक्त्यांमधला फरक समजायला सांगलीचे विजय हजारे पुरेसे आहेत. मराठी ख्रिस्ती घरातला माणूस. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाविरुद्ध 'शेष' संघाने एका डावात ३८७ धावा केल्या. त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्या धावा कोणाच्या नावावर? 'उरलेसुरले' यांच्या. पाच वर्षांच्या आत, जानेवारी १९४८ मध्ये, ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच हजाऱ्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं काढली, ११६ आणि १४५. त्या धावा भारताच्या. माणूस तोच होता आणि बॅटही तशीच धरत होता, फक्त धावा कोणाच्या खात्यात लिहायच्या ते बदललं. १९५२ मध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार हेच 'उरलेसुरले' हजारे होते.

आणि धर्माच्या खात्यात लिहायला लागलं की आत आणखी खाती निघतात. पळवणकर बाळू हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज. चर्मकार समाजातला. पुण्यात जिमखान्याच्या खेळपट्टीवर काम करता करता तो मोठा झाला. त्याचे बळी हिंदूंचे होते, पण कर्णधारपद काही त्याच्या वाट्याला आलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार व्हायला १९२३ उजाडावं लागलं. धर्माची यादी माणसाला पूर्ण आत घेत नाही, हे आपल्या समाजातल्या बागवान, मोमीन, पिंजारी, अत्तार मंडळींना मी वेगळं सांगायला नको.

रणजी करंडकाची खरी थोरवी मला इथे दिसते. जाफरच्या १२,०३८ धावांतली एकही धाव मुस्लिमांच्या खात्यात नाही. त्या मुंबईच्या आणि विदर्भाच्या आहेत. नागपूरच्या ज्या माणसाने इंदूरच्या त्या विजयी फटक्यावर उडी मारली, त्याच्या आहेत. पंचरंगी सामने मैदानावर १९४६ मध्ये बंद झाले, आपल्या डोक्यात मात्र अजून चालू आहेत. समोरचा 'तू कुणाकडून खेळतोस' असं विचारतो तेव्हा तो तोच जुना तक्ता काढून बसलेला असतो. आणि आपण 'मुस्लिमांचे योगदान' लिहितो तेव्हा त्याच तक्त्यात आपल्या संघाच्या धावा भरत असतो.

यावर दोन आक्षेप येतील. वाचकांचे संदेश मला आधीच दिसतात.

पहिला असा: मग खेळाडूने आपलं मुसलमान असणं लपवायचं का? अजिबात नाही. जाफर दाढी राखतो, नमाज पढतो, त्याने कधी काही लपवलं नाही. उस्मान ख्वाजाचं उदाहरण घ्या. इस्लामाबादला जन्मलेला हा डावखुरा २०११ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाकडून खेळला, तेव्हा त्या देशाकडून कसोटी खेळणारा तो पहिला मुस्लिम ठरला. डिसेंबर २०२३ मध्ये गाझात मुलं मरत होती तेव्हा, सगळे जीव समान आहेत, असं बुटांवर लिहून त्याला पर्थला खेळायचं होतं. आयसीसीने परवानगी दिली नाही. त्याने दंडावर काळी फीत बांधली, त्याबद्दलही समज मिळाली. २०२६ च्या जानेवारीत सिडनीतच तो निवृत्त झाला, आणि जाता जाता आपल्याला कायम वेगळ्या मापाने मोजलं गेलं, हे पत्रकारांसमोर स्पष्ट बोलून गेला. त्याचं म्हणणं कोणाला पटो न पटो, ते त्याने स्वतःच्या तोंडाने मांडलं होतं, आणि किंमतही स्वतः मोजली. आपल्या सदसद्विवेकाने माणूस स्वतः काही बोलतो ती गोष्ट वेगळी, आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर आपलं पोस्टर चिकटवायचं ही गोष्ट वेगळी. सिराजने ओव्हलला कोणाला काही 'दाखवून' देण्याचं कंत्राट घेतलं नव्हतं. ते पोस्टर आपण चिकटवलं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: आमच्या पोरांना आदर्श नकोत का? हवेत. पण कशाचे आदर्श? जाफरचा आदर्श म्हणजे अपयशानंतर पुन्हा उभं राहणं. पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाल्यावर पुढच्या सामन्यात पुन्हा पहिला चेंडू खेळायला जाणं. कोणी बघत नसताना बारा वर्षं रोज सकाळी ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून देणं. हे शिकायला मुसलमान असण्याची गरज नाही. माझ्या वर्गातल्या धनगराच्या, मराठ्याच्या, बौद्ध घरातल्या मुलांनाही ते तेवढंच लागू पडतं. आणि जे सगळ्यांना लागू पडतं त्यालाच आदर्श म्हणतात. जे फक्त आपल्याला लागू पडतं, ते प्रमाणपत्र.

शिवाय यादीपायी खरा प्रश्न बाजूला राहतो. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने आजवर टर्फच्या खेळपट्टीवर पाय ठेवलेला नाही. लेदर बॉल हातात घेतलेली मुलं बोटांवर मोजावी. बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट यांचा खर्च आणि आठवड्यातून तीनदा पुण्याला जायचं एसटीचं भाडं, हे गणित भोरच्या मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्याला जेवढं परवडत नाही, तेवढंच तोरण्याच्या पायथ्याच्या भातवाल्यालाही परवडत नाही. माझा विद्यार्थी आणि त्याच्या संघातला कर्णधार दोघंही त्याच एका बांधाला सीमारेषा मानून खेळतात. आपली जमात दरवर्षी सत्कार, शाली, फ्लेक्स यांवर जो पैसा खर्च करते, त्यात एक सिमेंटची खेळपट्टी, वरची मॅट आणि चारही बाजूंनी जाळी सहज उभी राहील. तिथे जो येईल तो खेळेल, कोणाचं आडनाव विचारायचं नाही. हा माझा प्रस्ताव मी मागच्या बैठकीत मांडला. 'बघू' म्हणून सांगितलं आहे. बघू म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी पुढच्या बैठकीतही मांडणार आहे.

समालोचक बांधवांनाही एक विनंती, कारण हा लेख त्यांच्यापर्यंत पोचेल अशी मला आशा आहे. पोराने षटकार मारला तर त्याचं नाव घ्या. झेल सोडला तरी नावच घ्या, हवी तेवढी शिवी त्याच नावाला द्या. खराब खेळायचा हक्क हा मोठा हक्क आहे. चितगावला पहिल्याच चेंडूवर जाफरने तो बजावला होता. ज्याला नुसतं खराब खेळता येत नाही, ज्याच्या प्रत्येक चुकीचं बिल सगळ्या समाजावर फाडलं जातं, तो पोरगा एक दिवस खेळणंच सोडतो. माझा विद्यार्थी पुढच्या हिवाळ्यात वेल्ह्याला गेला नाही. अभ्यास आहे, असं म्हणाला. दहावी संपून सहा महिने झाले होते.

या वर्षी २६ जानेवारीसाठी आठवीतली एक मुलगी भाषण मागायला आली. विषय तोच. मी तिला यादी दिली नाही. आम्ही दोघांनी बसून एका चाळिशीच्या फलंदाजावर भाषण लिहिलं, ज्याने मार्चच्या उन्हात नागपूरला उभं राहून २८६ धावा काढल्या. तो कुठल्या समाजाचा ते त्यात कुठेच आलं नाही, नावावरून ज्याला जे समजायचं ते समजू दे. भाषण झाल्यावर एक ज्येष्ठ शिक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, भाषण चांगलं होतं, पण विषयाला धरून नव्हतं."

मी म्हणालो, "गुरुजी, विषयच बदलायचा होता."